पोटाचा घेर मोजायचे दहा रुपये, पुढे बोलायचे किती?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय : लठ्ठपणा आणि आहाराचं समुपदेशन करणाऱ्यांचा मोबदला

महोदय,

मी आहारतज्ज्ञ आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातले काही दिवस खासगी दवाखान्यात बसते, उरलेल्या दिवसांत आजूबाजूच्या गावांमध्ये बचत गटाच्या बायकांशी बोलायला जाते. माझ्याकडे सुई नाही, गोळी नाही. यंत्र म्हणाल तर एक वजनकाटा आणि एक मोजपट्टी. बाकी सगळं काम तोंडाचं. आणि या तोंडाच्या कामाचे पैसे कुणी, कुणाला आणि कशाच्या हिशोबाने द्यायचे हे अजून कुणी ठरवलेलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडचा व्यवहार सांगते. माणूस वीस-पंचवीस किलोमीटरवरून एसटीने किंवा काळीपिवळीने येतो. रोजी बुडालेली असते. डॉक्टरांनी सलाईन लावलं तर तो पैसे देताना कुरकुर करत नाही. अंगात काहीतरी गेलं हे त्याला दिसतं. मग डॉक्टर त्याला माझ्याकडे पाठवतात, कारण साखर वाढलेली असते आणि पोट पुढे आलेलं असतं. मी त्याच्याशी अर्धा-पाऊण तास बोलते. उठताना फी सांगितली की तो बायकोकडे बघतो आणि विचारतो, "सुई त देल्लीच नाई मॅडम, मंग पैसे कायचे?" मला त्याचा राग येत नाही. चिठ्ठीवर औषध नसलेला दवाखाना त्याने जन्मात पाहिलेला नाही, आणि सरकारनेही त्याला तो कधी दाखवलेला नाही.

पुढचं असं होतं की डॉक्टर माझ्या फीचा विषयच काढत नाहीत, "मॅडम, दोन मिनिटं सांगून टाका यांना" म्हणतात. दोन मिनिटांत "भात बंद, गोड बंद, तेलकट बंद, फिरायला जा" एवढंच सांगून होतं. दिवसभर शेतात निंदण करणाऱ्या बाईला फिरायला जा म्हणणं हा काय सल्ला झाला? पण दोन मिनिटांत दुसरं काही सुचतही नाही.

आता तुमच्या योजनेकडे येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, पाच लाखांपर्यंत. हजाराहून जास्त उपचार तिच्यात आहेत, आणि आमच्या भागातल्या कितीतरी माणसांचे जीव तिच्यामुळे वाचले. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हृदयाची नळी तुंबली की अँजिओप्लास्टी तिच्यात, मूत्रपिंड गेलं की डायलिसिस तिच्यात. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं, म्हणजे पोट सुटतं, रक्तदाब वाढतो, साखर काठावर येते, तो काळ योजनेच्या बाहेर, कारण तेव्हा माणूस भरती नसतो. भरती झालेल्याला आहाराचा सल्ला मिळतो, पण तो पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचारासाठी ठरलेल्या एकगठ्ठा, रकमेत धरलेला. वेगळा दर नसला की दवाखान्याच्या लेखी तो खर्च असतो, काम नसतं. आहारतज्ज्ञाची खरी आठवण फाइलवर सही लागते तेव्हा होते. मानांकनाची तपासणी यायच्या आदल्या आठवड्यात मला एका दवाखान्यातून जितके फोन आले तितके एरवी वर्षभरात येत नाहीत. बोललेच नाही अशा रुग्णांच्या कागदावर सही करायला मी नकार दिला, आणि तिथलं माझं काम त्या महिन्यात संपलं.

खासगी विम्याचं तर विचारूच नका. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे वजन कमी करण्याचा खर्च वगळता येतो. अपवाद शस्त्रक्रियेचा, तोही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 40 किंवा वर असेल तर, किंवा 35 किंवा वर असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल तर. म्हणजे आधी तेवढे लठ्ठ व्हा, मग या.

सरकार बोलण्याचे पैसे देतच नाही, असं मात्र नाही. ते देतं, आणि बरीच वर्षं देतंय. ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक बसतो. त्याला पगार आहे, खुर्ची आहे, दाराला पडदा आहे. त्या आजारात बोलणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. आशाताई बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाच गृहभेटी देतात, बाळाला वरचं काय आणि कसं भरवायचं ते आईला सांगतात, त्याचे प्रत्येक भेटीला 50 रुपये आहेत. स्तनपानावर मातांची बैठक घेतली की तीन महिन्यांना 100 रुपये. रक्कम चिल्लर आहे, तो वेगळा विषय. पण बोलणं हे मोबदल्याचं काम आहे हे तत्त्व तुमच्याच कागदांवर मान्य झालेलं आहे. मग तीच आशाताई त्याच घरातल्या, पोट सुटलेल्या, साखर काठावर आलेल्या सासूशी अर्धा तास बोलली तर त्याला रकाना का नाही?

रकाना आहे तो फक्त मोजण्याचा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजणारा कागद, भरायचा, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातले आजार आणि कंबरेचा घेर. फॉर्ममागे आशाताईंना 10 रुपये. बाईचा घेर 80 सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, 90 पर्यंत एक, त्यावर दोन. पुरुषाला हेच 90 आणि 100. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं.

हा घेर कसा मोजला जातो ते तुमच्यापैकी कुणी ओसरीवर बसून पाहिलंय का? सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडलेला असताना, पट्टी अंगाला लागून धरायची. आमच्याकडची बाई साडीत. नेमकी तिथेच परकराची नाडी, निऱ्यांचा गठ्ठा आणि खोचलेला पदर. वरून पट्टी लावली तर घेर काही सेंटीमीटर फुगतो. निऱ्या काढायला सांगायचं तर समोर सासरे बसलेले, अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर. मग आशाताई पट्टी पिशवीतून काढतच नाहीत. डोळ्यांनी अंदाज घेतात, "ऐंशी धरू न काकू?" आणि काकू म्हणतात, "धर माय, तुले का समजते थे." ऐंशी धरलं की शून्य गुण आणि काम पुढे चालू. दहा रुपयांत आणि तेवढ्या वेळात यापेक्षा वेगळं होणार नाही, कुणी कितीही ओरडलं तरी. मी हे आशाताईंना दोष द्यायला लिहीत नाही. बाईला आत घेऊन जायला, दार लोटायला, दोन इकडच्यातिकडच्या गोष्टी बोलून मग मोजायला वेळ लागतो. तो वेळ कुणी विकत घेतलेलाच नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, विदर्भात मेळघाट आहे, कुपोषण आहे, तुम्ही लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात? हे मी सरकारी बैठकांमध्येही ऐकलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. पण हातपाय काटकुळे असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचा वाटा मात्र त्या मानाने जास्त. पोटात असताना उपाशी राहिलेलं मूल पुढे बरं खायला मिळालं की पोटाभोवती चरबी धरतं. म्हणजे कुपोषण आणि पोटाचा घेर ही एकाच घराण्यातली दोन भावंडं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 24 टक्के बाया जास्त वजनाच्या निघाल्या, पण कंबर आणि नितंब यांचं प्रमाण धोक्याचं असलेल्या बाया 57 टक्के. काट्यावर बऱ्या दिसणाऱ्या कितीतरी बाया मोजपट्टीवर अडकतात. आमच्याकडे अशा बाईला कुणी आजारी म्हणत नाही, "अंगानं भरली" म्हणतात, "खात्यापित्या घरची" म्हणतात. हे कौतुक आहे. त्या कौतुकाच्या विरोधात बोलायचं तर फार जपून बोलावं लागतं.

त्या अर्ध्या-पाऊण तासात मी काय करते, हेही सांगायला हवं, कारण दर ठरवणाऱ्याला काम दिसलं पाहिजे. मी तक्ता देत नाही. छापील तक्त्यात सकाळी ओट्स आणि रात्री सूप असतं, आणि आमच्या माणसाच्या घरी रेशनचा गहू-तांदूळ असतो, माणशी पाच किलो, 2023 पासून फुकट. ज्वारी वावरातून कधीच गेली, तिथे सोयाबीन आणि कापूस आला. भाकर खायची तर ज्वारी विकत आणावी लागते. जवसाची चटणी आजीसोबत गेली. म्हणून मी आधी तेलाचा डबा विचारते. पाच लिटरचा डबा चार माणसांना किती दिवस जातो? बाई म्हणते, महिनाभर. मग तिच्यासमोरच भागाकार करायचा : माणशी सव्वा लिटर, दिवसाला चाळीस मिलीच्या वर. ते तेल तिच्याच पळीने वाटीत ओतून दाखवायचं. ती वाटी बघून बाई गप्प होते. मग चहा. दिवसातून किती वेळा, आणि साखर किती चमचे? "दोनच" असं उत्तर येतं. दोन चमचे, पाच कप. शिवाय वेचणीच्या दिवसांत वावरात सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला जेवण, मध्ये चहा आणि बिस्किटाचा पुडा. हे कळल्याशिवाय सल्ला कसला द्यायचा? शेवटी बदल एक किंवा दोनच ठरवायचे, तेही तिने स्वतः सुचवलेले : फोडणीची पळी लहान घ्यायची, तुरीचं वरण घट्ट करून भात अर्धा करायचा. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायचं. खरा उपचार त्या दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या भेटीत असतो. पहिल्या भेटीला माणूस कसाबसा येतो. दुसऱ्या भेटीचे पैसे आणि एसटीचं भाडं त्याच्या खिशातून जाणार असेल तर तो येत नाही, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही.

ही जागा रिकामी राहिलेली नाही, हे मात्र तुम्हाला कळलं पाहिजे. तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्यावर न्यूट्रिशन क्लब निघालेत. सकाळी सहाला शेक मिळतो, वजन फुकट, सल्ला फुकट, टाळ्यासुद्धा वाजवतात. सल्ला देणारा "कोच" कालपर्यंत मोबाइल रिचार्जचं दुकान चालवत होता. त्याचा मोबदला पावडरीच्या डब्यात आहे. जितके डबे, तितकं कमिशन, आणि खाली आणखी माणसं जोडली तर त्यांच्यावरही. तिथे "डबा घेऊ नका, वरण घट्ट करा" असा सल्ला कधी मिळेल का? एक कबूल करावं लागेल, लोक तिथे रोज जातात. रोज कुणीतरी नाव घेऊन विचारतं, काल काय खाल्लं म्हणून. माणसांना हे हवं असतं. आपण त्याचे पैसे देत नाही म्हणून ते डबेवाले देतात आणि डब्याच्या किमतीतून वसूल करतात. आता तर वजन कमी करायची इंजेक्शनंही आली. 2025 मध्ये पहिलं मोठं औषध बाजारात आलं तेव्हा सगळ्यात लहान मात्रेची एक कुपी साडेतीन हजारांची होती, आणि कुपी आठवड्याला एक लागते. अशा इंजेक्शनांच्या किमती आता उतरू लागल्यात. आणखी उतरल्या की आमच्याकडे सुईचे पैसे देणारे खूप निघतील, आणि सुईसोबत काय खायचं हे सांगणाऱ्याला पुन्हा दोनच मिनिटं मिळतील.

बाहेरच्या देशांनी काय केलं ते बघून घ्या, पण उचलताना निवडून उचला. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत 2011 च्या अखेरीस लठ्ठपणाच्या समुपदेशनाला वेगळा बिल-क्रमांक मिळाला. बीएमआय 30 किंवा वर असेल तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटी : पहिला महिना दर आठवड्याला, सहाव्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला एक, पुढे महिन्याला एक. रुग्णाच्या खिशातून काही नाही. ही वेळापत्रकाची कल्पना मला आवडते, कारण तिथे भेटींची साखळी विकत घेतली आहे, एक सुटी भेट नाही. पण त्यांनी दोन गाठी मारून ठेवल्या. एक, बिल लावायचा हक्क प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि तशाच काही मोजक्यांकडे. आहारतज्ज्ञ स्वतःच्या नावाने ते बिल लावू शकत नाही. त्याला स्वतंत्र बिल मिळतं ते मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारात, पहिल्या वर्षी तीन तास, पुढे वर्षाला दोन. नुसत्या लठ्ठपणाला नाही. परिणाम असा की ज्याला वेळ नाही त्याला बिलाचा हक्क, आणि ज्याला वेळ आहे तो दाराबाहेर. या सोयीचा वापर तिथे फार थोड्या रुग्णांसाठी झाला. इंग्लंडने 2021 मध्ये वेगळं केलं : डॉक्टरने वजनाच्या कार्यक्रमाला रुग्ण पाठवला की चिठ्ठीमागे साडेअकरा पौंड. चिठ्ठीचे पैसे दिले की चिठ्ठ्या मिळतात. आपल्याकडे तर त्या ढिगाने मिळतील.

अमेरिकेची दुसरी गाठ जास्त घातक आहे. पहिल्या सहा महिन्यांत तीन किलो उतरले नाहीत तर पुढच्या भेटी बंद. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! तुमच्या वित्त विभागालाही आवडेल : परिणाम दाखवा, पैसे घ्या. कृपा करून हे आणू नका. कारण आमच्याकडे कामगिरीवर आधारित मोबदला आधीच आहे आणि त्याचं काय होतं ते आम्ही बघतोय. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मोबदल्यात योगसत्रं मोजली जातात, म्हणून योगसत्रांचे फोटो मिळतात. उद्या किलोमागे पैसे ठेवलेत तर काट्यावरचा आकडा मिळेल. पहिलं वजन चपलेसकट, भरल्या पोटी, शेवटचं अनवाणी आणि उपाशी. एवढ्यातच दोन किलो निघतात. त्याहून वाईट म्हणजे ज्याचं वजन उतरणं अवघड आहे त्याला कुणी नोंदवणारच नाही : पाळी गेलेली बाई, गुडघे गेलेला हमाल, इन्सुलिनवरचा माणूस. वजन जागच्या जागी राहिलं, पण साखर उतरली आणि चहातली साखर सुटली, हा माझ्या लेखी यशस्वी रुग्ण. किलोच्या हिशोबात तो शून्य.

माझं मागणं एका ओळीचं आहे : पैसे वेळेचे आणि भेटीचे द्या, किलोचे नको, आणि जो बोलतो त्याच्या खात्यात द्या.

ते कसं, हे मला सुचतं तसं सांगते. फुले योजनेत भरतीशिवायचं एक पॅकेज काढा. ज्याचा घेर हद्दीबाहेर आहे आणि सोबत साखर किंवा रक्तदाब काठावर किंवा वर आहे, त्याला वर्षभराच्या भेटींचं कूपन. पहिली भेट लांब, बाकीच्या लहान, सुरुवातीला जवळजवळ, मग विरळ. जागा ग्रामीण रुग्णालय किंवा गावातलं आयुष्मान आरोग्य मंदिर. खासगी दवाखान्याला द्यायचं असेल तर द्या, पण भेटीची पावती रुग्णाच्या मोबाइलवरच्या ओटीपीने, म्हणजे बोललंच नाही त्याची सही होणार नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतरही माणूस येतोय याला थोडा जास्त दर ठेवा. कारण तो येतोय याचा अर्थ बोलणं कामाचं आहे, आणि ते खोटं दाखवणं किलोपेक्षा अवघड आहे. बीएमआयची हद्द अमेरिकेची 30 घेऊ नका. आपल्या माणसांसाठी आपल्याच तज्ज्ञांनी 2009 मध्ये जास्त वजन 23 ला आणि लठ्ठपणा 25 ला धरायला सांगितलाय, आणि सीबॅकमधली घेराची हद्द तर तुमच्या हाताशीच आहे.

आशाताईंच्या दहा रुपयांबद्दल वेगळं लिहायला नको. घेर हद्दीबाहेर निघालेल्या बाईकडे बाळाच्या भेटीसारख्या ठरलेल्या गृहभेटी ठेवा आणि निदान त्याच दराने पैसे द्या. रेशनचा डबा, तेलाचा डबा आणि चहाचं पातेलं तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. अवघड रुग्ण तिने माझ्याकडे पाठवावा, मी सोपे तिच्याकडे पाठवीन.

आणि आहारतज्ज्ञ म्हणजे कोण, हे आधी ठरवा. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आहार व पोषणाचे व्यावसायिक संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या यादीत आले. राज्याच्या नोंदवहीत ज्याचं नाव, त्यालाच योजनेचा दर, असा नियम आला की क्लबचे कोच आपोआप वेगळे पडतील. विदर्भातल्या विद्यापीठांमधून गृहविज्ञान आणि पोषण शिकून दरवर्षी मुली बाहेर पडतात. त्यातल्या काही नागपूर-पुण्यात जिममध्ये लागतात, काही लग्न होऊन आमच्याच तालुक्यांत येतात आणि घरी बसतात. त्यांच्यासाठी तालुक्याला कायम पद काढणं तुम्हाला जमलेलं नाही. मग निदान भेटीमागे दर तरी काढा, काम त्या स्वतः शोधतील.

सुरुवातीला सगळं राज्य नको. एक आदिवासी तालुका, एक कापूस-सोयाबीनचा तालुका घ्या आणि वर्षभर चालवून बघा. दर ठरवायच्या बैठकीत मुंबईचे विशेषज्ञ असतीलच. दोन आशाताई, एक समुदाय आरोग्य अधिकारी आणि तालुक्याला बसणारी एखादी आहारतज्ज्ञ यांनाही बोलवा, प्रवासभत्ता देऊन. फक्त बैठक दसरा ते दिवाळीच्या मध्ये ठेवू नका. तेव्हा सोयाबीनची काढणी असते, आशाताईंना यायला जमणार नाही.

आपली,
एक आहारतज्ज्ञ
जिल्हा यवतमाळ